आधी पिशवी, मग बोलणं

इंदूबाईचे कान ठणठणीत आहेत. गल्लीच्या टोकाला कुकरची शिट्टी झाली तरी ती कोणाकडची, ते ती बसल्या जागी सांगते. फक्त ‘नाही’ हा एक शब्द तिला ऐकू येत नाही, आणि सत्तरीला टेकल्यावर तो ऐकू यायला लागेल अशी आशा नागपूरच्या नंदनवन वस्तीत आता कोणी बाळगत नाही.

याच बहिरेपणावर तिने संसार केला. नवरा धोंडबा इतवारीत भांड्यांच्या बाजारात हातठेला ओढायचा. पोचे आलेले, गिऱ्हाइकाने परत केलेले मोठाले गंज, म्हणजे पातेली, आणि पराती तो स्वस्तात घरी आणायचा, आणि ही विचारायची, एवढ्या गंजात आपण दोघांनी काय पोहायचं? मग तिनेच ते शेजारच्या लग्नाला भाड्याने दिले. त्यातून ‘धोंडबा बिछायत केंद्र’ उभं राहिलं. भांडी, सतरंज्या, कनाती असा सगळा पसारा. पाटीवर नाव नवऱ्याचं, गल्लीत आवाज हिचा. लग्नघरून सामान परत आलं आणि त्यात एखादा झारा नसला, तर इंदूबाई स्वतः जायची, नवरीच्या बापासोबत चहा प्यायची आणि उठताना झारा घेऊनच उठायची. पुढे धोंडबा गेला, केटरिंगवाले आले, धंदा आटला. तरी चार गंज तिने मोडीत घातले नाहीत, कारण वर्षातून एकदा ते लागायचेच.

ते लागायचे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या संध्याकाळी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर कुठून कुठून माणसं येतात. आदल्या दिवशी इंदूबाईच्या घरच्यांनी रस्त्यावर जायचं, अनोळखी पाहुणे घरी आणायचे, जेवू घालायचं, रात्री झोपायला सतरंजी द्यायची. ही रीत तिच्या सासूने घालून दिलेली.

सासू अंजनाबाई छप्पन साली पारशिवनीहून पायी नागपूरला आली होती, कडेवर लहानगा धोंडबा. शहरात ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. दिवस कलला, आणि एका बाईने तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून घेतलं अन् चालायला लागली. अंजनाबाईला वाटलं, चोरच! ती ओरडत मागे धावली. धावता धावता त्या बाईच्या दारातून आत शिरली, तर पुढ्यात वाढलेलं ताट. त्या बाईने तिचं गाव तेवढं विचारलं. आडनाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दीक्षा घेऊन परत फिरताना अंजनाबाईने ते घर पुष्कळ शोधलं, पण सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसायला लागल्या. पुढे ती नागपुरातच राहायला आली, तरी ते घर काही सापडलं नाही. मग तिने ठरवलं की ज्याचं देणं त्याला देता येत नाही, ते रस्त्यावरच्या कोणालाही द्यायचं.

तेव्हापासूनची शिस्त अशी की पाहुणे निवडायचे ते घरातल्या सगळ्यात लहान चालत्या माणसाने. मोठी माणसं कपडे बघतात, लहान पोर तोंड बघतं, असं अंजनाबाईचं म्हणणं होतं. आणि निवडल्यावर ‘येता का’ असं विचारायचं नाही. विचारलं की माणूस लाजेने नाहीच म्हणतो. आधी पिशवी उचलायची, मग बोलायचं.

मागच्या वर्षी मात्र इंदूबाई तीन पिशव्या उचलून तिन्ही परत ठेवून आली. पहिले म्हणाले, आमची गाडी उभी आहे. दुसरे म्हणाले, मंडपात जेवून झालं. तिसऱ्यांनी तर पोलिसाला हाक मारली. गंजभर वरण शेजारीपाजारी वाटावं लागलं. पुण्याला कंपनीत असलेल्या तिच्या मुलाने, रोशनने, हे फोनवर ऐकून घेतलं. यंदा मात्र तो बायको प्रीती आणि दोन पोरांना घेऊन घरी आला, आणि पाय धुवायच्या आधीच त्याने विषय काढला.

“आई, आता कोणाला गरज नाही गं याची. पावलापावलावर भोजनदान आहे. लोक बसने येतात, रात्री परत जातात. अनोळखी माणसं घरात घ्यायचे दिवस राहिले नाहीत.”

“गरज पाहून पाहुणे आणत असतेत काय गा?” इंदूबाई म्हणाली.

“बरं, मग असं करू. यंदा जा. पण यंदाही कोणी आलं नाही, तर हे बंद. पुढच्या वर्षीपासून दसऱ्याला तू पुण्याला आमच्याकडे यायचं.”

“मंजूर.” इंदूबाई विचार न करता म्हणाली. हरायची सवय नसलेली माणसं पैजेच्या अटी नीट ऐकत नाहीत, हा तिचा जुना दोष.

यंदा निवडायचा मान धाकट्या नातीचा होता. तिचं शाळेतलं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण आजीच्या घरी ती पिंकी. वय सात. आजीने तिची आणि तिच्या बारा वर्षांच्या भावाची, प्रशिकची, अंगणात तालीम घेतली. प्रशिक पाहुणा झाला. पाठीला दप्तर अडकवून तो तुळशीवृंदावन नसलेल्या, जास्वंदी मात्र माजलेल्या त्या अंगणात ऐटीत फिरू लागला.

“काकू, तुम्ही आमच्या घरी येता का प्लीज?” पिंकीने विचारलं.

“नो, थँक्स,” प्रशिक म्हणाला.

“पाहा! इचारलं की झालं असं,” आजी म्हणाली. “इचारायचंच नाही वं. पिशवी धर आन् चाल. तो येते बरोबर मागं. आपली पिशवी सोडून कोण जाईन?”

पिंकीने दप्तर असं ओढलं की पाहुणा जास्वंदीत बसला. प्रीती ओट्यावरून हे सगळं पाहत होती. “आई, पण लोक तिला चोर समजले तर?” तिने काळजीने विचारलं.

“समजू दे नं. तुह्या आजेसासूनंही समजलं होतं.”

पुढे दिवसभर पोरांनी गव्हाची सैल कणीक मळताना पाहिली, चुलीवर उलटं मडकं तापताना पाहिलं. इंदूबाईने कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवला आणि मडक्यावर टाकला. लांब रोटी ही पुण्याच्या गॅसवर होणारी गोष्ट नाही. प्रशिकने व्हिडिओ काढला, मग मोबाइल ठेवून स्वतः एक टाकायला गेला आणि ती चुलीत गेली. आजी म्हणाली, पहिली चुलीचीच असते. खरं तर तसं काही नसतं, पण पोरगं खूश झालं. गंजात वरण शिजलं, वांगं-आलूची भाजी झाली. बाकीच्या रोट्या पाहुणे बसल्यावर गरम गरम करायच्या म्हणून कणीक झाकून ठेवली, आणि ऊन उतरल्यावर आजी दोन्ही नातवंडांना घेऊन ऑटोने निघाली. रोशन घरीच थांबला.

दीक्षाभूमीच्या बऱ्याच अलीकडे ऑटोवाल्याने हात वर केले, कारण पुढे रस्ता बंद होता. सगळीकडे पांढरे कपडे आणि निळे झेंडे, पुस्तकांची दुकानं, मंडपामंडपांत पुरी-भाजी. पिंकीने पहिल्यांदा एक मोठं कुटुंब निवडलं. ते यवतमाळकडचे होते आणि त्यांची ट्रॅव्हल्स समोरच उभी होती. मग दोन कॉलेजची पोरं निवडली, त्यांनी जय भीम म्हणून आजीच्या पाया पडून पिशवी परत घेतली. मग एक म्हातारबुवा. ते म्हणाले, “माय, आतापर्यंत चार मंडपांत जेवलो, आता पाणीही जात नाही.” इंदूबाई हसली, पण मान फिरवल्यावर तिचं हसू गेलं. रोशनचं म्हणणं खरं ठरत होतं. पुढच्या वर्षी आजच्या दिवशी आपण पुण्याच्या चौथ्या मजल्यावर बसलेलो असू, हे तिला पहिल्यांदाच खरं वाटलं.

“आजी, ती!” पिंकीने बोट दाखवलं.

फुटपाथच्या कडेला पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. बाजूला कापडी पिशवी, आणि तिला चिकटून पिंकीपेक्षा थोडा मोठा मुलगा. दोघांचे चेहरे दमलेले. म्हातारीने चप्पल काढून तळपाय चोळायला घेतला होता. यापेक्षा चांगला पाहुणा नागपुरात शोधून सापडला नसता. इंदूबाई सरळ गेली, वाकली, पिशवी उचलली आणि म्हणाली, “चाला माय घरी, जेवण तयार आहे.”

तिचं वाक्य संपायच्या आत तिच्या स्वतःच्या काखेतली पिशवी कोणीतरी ओढली. ओढणारा तो मुलगा होता. आणि म्हातारी बसल्या जागेवरून म्हणत होती, “चाला बाई घरी, जेवण तयार आहे.”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. म्हातारीची पिशवी इंदूबाईच्या हातात, इंदूबाईची त्या मुलाच्या.

“तुम्ही कोठून आले?” इंदूबाईने विचारलं.

“मी? मी इथलीच, इंदोऱ्याची. तुम्ही कोठून?”

“नंदनवन.”

“अव् माय!” म्हातारी म्हणाली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. इंदूबाईलाही हसू आवरेना. पाहुणा शोधायला निघालेल्या दोन यजमानिणी एकमेकींना पकडून बसल्या होत्या.

म्हातारीचं नाव प्रयागबाई. मुलगा म्हणजे तिचा नातू पुष्कर. त्याचे आईवडील कामासाठी सुरतेला, हा आजीपाशी. पाहुणे आणायची रीत त्यांच्याकडेही होती आणि तीही पिशवीचीच. आता इथे कोणाला वाटेल की छप्पन साली अंजनाबाईचं गाठोडं पळवणारी ती बाई प्रयागबाईच्याच घरातली निघाली. इंदूबाईलाही तसं वाटलं आणि तिने घाईघाईने विचारलंही. पण नाही. प्रयागबाईचे सासू-सासरे तेव्हा स्वतःच भंडाऱ्याकडून आले होते, आणि त्यांचंही बोचकं असंच कोणीतरी उचललं होतं. म्हणजे त्या वर्षी नागपुरात गाठोडी पळवणाऱ्या बऱ्याच बाया होत्या.

हसणं झालं, पण पिशव्या कोणी सोडेना.

“पोरीनं तुम्हाले निवडलं. आता तुम्हालेच यावं लागते,” इंदूबाई म्हणाली. ‘नाही’ न ऐकणाऱ्या आवाजातच म्हणाली.

“माह्या पोट्ट्यानं तुम्हाले निवडलं. त्याचं काय?” प्रयागबाईचेही कान तसेच होते.

पिंकीचा ओठ थरथरायला लागला. पुष्कर तर दोन्ही हातांनी पिशवीचा बंद धरून उभा होता, खाली मान घालून. प्रयागबाई इंदूबाईच्या कानाशी आली आणि हळू आवाजात बोलली. “दोन वर्षं झाले जी, आमच्याकडे कोणी जेवलं नाही. काल हा मले म्हणते, आजी, आपलं घर लहान हाय म्हणून कोणी येत नसन का? सकाळपासून घर पुसून राहिला.”

इंदूबाईने पुष्करकडे पाहिलं. तिला आपली पैज आठवत होती. या बाईला उचलून नेलं की जिंकलो, आणि उचलून नेणं तिला अवघड नव्हतं. याहून दांडग्या माणसांना तिने नेलं होतं. पण त्या पोराच्या मुठी पाहून तिचं मन वळलं. एक लेकरू आज हिरमुसणार होतं, आणि ते दुसऱ्याच्या घरचं असू नये, एवढंच तिला कळलं. तिने प्रयागबाईची पिशवी परत तिच्या हातात दिली. इंदूबाईने हरायचं ठरवलं, तेही हुकूम सोडल्यासारखं.

“पिंकी, रडू नको वं. आज आपण पाहुणे.” मग तिने प्रशिकचा मोबाइल घेतला. “रोशन, प्रीतीले घेऊन इंदोऱ्याले ये. वरण-भाजी चौकातल्या मंडपात देऊन टाक.”

“पाहुणे मिळाले नाहीत?” पलीकडून रोशनने विचारलं.

“आपणच पाहुणे आहो. पत्ता प्रशिक पाठवते.”

प्रयागबाईचं घर खरंच लहान होतं. पुढे खोली, मागे चूल. पण फरशी अशी पुसलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मेणबत्ती. पुष्करने सतरंजी अंथरली, तिची सुरकुती काढली, पुन्हा काढली, आणि सगळ्यांना रांगेत बसवलं. मागून मडक्यावर रोटी पडल्याचा वास आला आणि इंदूबाई सवयीने उठली.

“कुठी चालल्या? बसा!” प्रयागबाई ओरडली.

“रोट्या टाकू लागते नं—”

“बसा म्हणते नं मी. पाहुण्यांनी चुलीपाशी यायचं नाही.”

इंदूबाई बसली. आयुष्यात तिने हजारो माणसांना पंगतीत बसवलं होतं. आपल्याला कोणी दटावून बसवलंय, असं तिला आठवेना. हात मोकळे ठेवायचे कुठे, हेच कळेना. समोर ताट आलं, ताटात घडी केलेली गरम रोटी, वरण, भाजी. कोणी तिला विचारलं नाही की तू काय करतेस, तुझ्याकडे किती आहे, तू इथे का आलीस. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून आले. पन्नास वर्षं ती समजत होती की ही रीत म्हणजे देणं. अनोळखी दारात बसून घास घेणं किती जड असतं आणि घेतल्यावर किती हलकं वाटतं, हे तिला आज कळलं. दरवर्षी तिच्या सतरंजीवर बसून गेलेली माणसं तिच्यासाठी किती करून गेली होती! तिने पदराने डोळे पुसले आणि लपवायचा प्रयत्नही केला नाही.

रोशनला पुष्कर वाढत होता. एक रोटी संपायच्या आत दुसरी. आणि वाढून झालं की बाजूला उभा राहून तो रोशनच्या तोंडाकडे बघायचा.

“बस रे, पुरे,” रोशन म्हणाला.

“चांगली नाही झाली का, काका?”

रोशनने त्या पोराकडे पाहिलं आणि मुकाट्याने ताट पुढे केलं. पुष्करने आणखी एक वाढली. रोशन शेवटच्या घासापर्यंत जेवला, आणि पुष्कर आत जाऊन आजीला मोठ्याने म्हणाला, “आजी, सगळं संपवलं त्यायनं!”

निघताना इंदूबाईने प्रयागबाईला पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं, तर ती म्हणाली, “सांगून येणारे नातेवाईक असतेत बाई. रस्त्यावर सापडली तर घेऊन जाजा.”

परतताना गाडीत इंदूबाई पुढे बसली होती. नंदनवनच्या वळणावर ती म्हणाली, “रोशन, मी हारली. घरी कोणी जेवलं नाही. शब्द म्हणजे शब्द. पुढच्या वर्षी येते पुण्याले.” आवाज सरळ होता. रोशनने गिअर बदलला. मागे पिंकीने विचारलं, “म्हणजे मी पुन्हा कधीच निवडायचं नाही?” रोशनने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

सकाळी इंदूबाई उठली तेव्हा अंगणात गाडी होती, पण रोशन नव्हता. पिंकीही नव्हती.

“बाबा तिला घेऊन मोठ्या रस्त्यावर गेलेत,” प्रशिकने सांगितलं.

इंदूबाई तशीच निघाली. उमरेडकडून येणारे टेम्पो, जीप, ट्रक झेंडे लावून एकामागून एक येत होते, आणि चहाच्या टपरीपाशी थांबत होते. रोशन पांढरा कुर्ता घालून तिथे उभा होता, पिंकीचा हात धरून. त्याचं काम पाहून इंदूबाईला हसावं की रडावं कळेना. तो प्रत्येकाला आधी नमस्कार करायचा, मग स्वतःचं नाव, मग कंपनी, मग आमचं घर जवळच आहे, आपल्याला काही त्रास होणार नाही, असं सगळं. एका बाईला वाटलं प्लॉट विकतोय. एका जीपवाल्याने विचारलं, “लॉज आहे का तुमचा?” तिघाचौघांनी त्याला नाही म्हटलं, आणि तो प्रत्येक ‘नाही’ नीट ऐकून घेत होता. मदतीला जावं म्हणून इंदूबाईचा पाय पुढे पडला. तिने तो मागे घेतला आणि टपरीच्या आडोशाला उभी राहिली.

मग पिंकीने वडिलांचा कुर्ता ओढला आणि बोट दाखवलं. टेम्पोतून एक जोडपं उतरत होतं, सोबत म्हातारी आणि दोन लहान पोरं. रोशन गेला. नमस्कार करायला त्याने हात वर उचलले आणि तसेच खाली सोडले. नाव सांगितलं नाही, कंपनी सांगितली नाही.

“काल आम्ही एका घरी जेवलो जी,” तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून न काढलेल्या आवाजात म्हणाला. “अनोळखी होते. आज तुम्ही आमच्याकडे चाला. माही पोरगी तुम्हाले बलावून राहिली.”

त्या माणसाने बायकोकडे पाहिलं. बायकोने सासूकडे. म्हातारी पिंकीकडे बघत होती. मग ती म्हणाली, “चाल वं बाई, दाखव घर,” आणि तिने पिंकीचं बोट धरलं.

इंदूबाईने पुढचं पाहिलं नाही. हरलेली बाई पदर खोचून, आडवाटेने, भराभरा घराकडे निघाली. घरात शिजलेलं काहीच नव्हतं, आणि मडकं तापायला वेळ लागतो.